तळहाताच्या घामासाठी एफडी मोडायची का?

देवगडच्या एका ताईंचा प्रश्न आहे. वय २९, घरीच शिवणकाम. तळहातांना शाळेत असल्यापासून घाम सुटतो, इतका की सिल्क-सॅटिनवर डाग पडतात. त्यामुळे लग्नसराईत महिन्याला पाच-सहा ब्लाउज त्यांना परत पाठवावे लागतात. यजमान ट्रॉलरवर असतात. मुंबईत ऑपरेशनचा खर्च १,८०,००० रुपये सांगितला आहे. घरात १,५०,००० ची एफडी आहे, उरलेल्यासाठी पाटल्या गहाण ठेवायच्या. पुढच्या वर्षी बाळाचा विचार आहे. एफडी मोडू का, असं त्या विचारतात.

ताई, आत्ता मोडू नका. त्रास सोसत राहा, असं मात्र मी मुळीच म्हणत नाही. हातातला धंदा परत पाठवावा लागणं हे खरं नुकसान आहे आणि त्यावर पैसे खर्च करायलाच हवेत. फक्त क्रम उलटा झालाय.

ते ऑपरेशन छातीत दुर्बीण घालून करतात. घामाचा निरोप नेणारी नस तिथे कापतात किंवा क्लिपने दाबतात. तळहात बहुतेकांचे लगेच कोरडे होतात. पण पुष्कळ जणांना नंतर पाठ, पोट, मांड्या इथे जास्त घाम येऊ लागतो, आणि कापलेली नस पूर्ववत होईल याचा भरवसा नसतो. एप्रिल-मे महिन्यात देवगडच्या दमट हवेत मशीनवर बसलेल्या बाईची पाठ दिवसभर भिजलेली राहिली, तर तो त्रास कितीही पैसे ओतून मागे घेता येणार नाही. म्हणून हा उपाय सगळ्यात शेवटी.

दुसरा उपाय तळहातात घाम थांबवणारं बोटॉक्सचं इंजेक्शन. त्याचा तुम्हाला सांगितलेला दर दोन्ही हातांचे मिळून ३५,००० आहे. परिणाम साधारण चार ते सहा महिने टिकतो. वर्षातून दोनदा धरलं तरी ७०,०००, म्हणजे पाच वर्षांत साडेतीन लाख. शिवाय तळहातात टोचणं दुखतं आणि काहींची पकड काही काळ कमजोर होते. कात्री धरणाऱ्या हाताला हे परवडणारं नाही. घाम कमी करणाऱ्या गोळ्या स्वस्त आहेत, पण त्यांनी तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतं, आणि सगळ्या अंगाचाच घाम कमी झाल्याने उन्हाळ्यात शरीर तापू शकतं. बाळाचा विचार असताना त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोतच.

आधी ओरोसच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या त्वचाविकार ओपीडीत केसपेपर काढा. झोपेत घाम थांबतो का, हे तिथे नक्की सांगा. रात्रीही अंथरूण भिजत असेल, वजन उतरत असेल, तर कारण वेगळं असू शकतं. थायरॉइड आणि साखर तपासून घ्या. त्यानंतर अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडचं लोशन. ते रात्री पूर्ण कोरड्या हाताला लावायचं आणि सकाळी धुवायचं. महिना-दोन महिने नेटाने करा.

तेवढ्याने भागलं नाही, तर तुम्ही २४,००० किंमत लिहिलेलं पाण्याच्या ट्रेचं मशीन. साध्या पाण्यात हात ठेवून सौम्य वीजप्रवाह, २०-३० मिनिटं, सुरुवातीला आठवड्यातून तीनदा. हात कोरडे झाले की आठवड्यातून एकदा पुरतं. तळहातांसाठी हा उपाय चांगला मानतात. बंद केलं की घाम परत येतो, आणि गरोदरपणात किंवा शरीरात पेसमेकर वा धातू बसवलेला असेल तर ते वापरत नाहीत. म्हणजे बाळाच्या आधीचे महिनेच तुमच्या हाताशी आहेत. विकत घेण्याआधी काही दिवस भाड्याने मिळतं का, हे जरूर विचारा.

आता हिशेब. अस्तराच्या सिल्क ब्लाउजचे तुम्ही ९०० घेता. महिन्याला पाच वाचले तरी ४,५०० सुटतात, म्हणजे लग्नसराईच्या साडेपाच महिन्यांत मशीन फिटतं. त्यासाठी बचत गटातून कर्ज घ्या आणि सहा हप्त्यांत फेडा. पाटल्या घरातच राहू द्या.

विम्याबद्दल: पॉलिसीला १४ महिने झालेत असं लिहिलंत. पॉलिसीआधीच्या ३६ महिन्यांत या त्रासासाठी डॉक्टरांना दाखवलं असेल, तर तो आधीपासूनचा आजार धरतात आणि तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. इंजेक्शन आणि मशीनचे पैसे मिळतील असं धरून चालू नका. पुढे कधी ऑपरेशन ठरलंच, तर कंपनीकडून मंजुरी लेखी घेतल्याशिवाय तारीख ठरवू नका.

ती एफडी म्हणजे दर्या बंद असतो त्या जून-जुलैचा आणि बाळंतपणाचा आधार आहे. सप्टेंबरला मुदत संपते म्हणालात. बँकेने आपोआप नूतनीकरण करण्याआधी जाऊन तिच्या ५०-५० हजारांच्या तीन पावत्या करून घ्या. अडचण आली तर एकच मोडावी लागेल, बाकी दोघींचं व्याज चालू राहील.