अमेरिकेत छोट्या गावांमधे युद्धात गेलेल्यांचं स्मारक कोर्टासमोरच का असतं?

कारण तिकडे बऱ्याच राज्यांत स्थानिक कारभार काउंटीवर (म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा भाग) चालतो. कोर्टहाउस म्हणजे नुसतं कोर्ट नाही, जमिनीचे कागद, लग्नाचं लायसन्स, टॅक्स बऱ्याच ठिकाणी तिथेच, म्हणून गावाचा मेन चौकही तोच आणि १९१७ ला सक्तीच्या सैन्यभरतीची लोकल बोर्डंपण बहुतेक काउंटीवारच होती, मग नावंही तशीच कोरली गेली. पहिल्या महायुद्धाची यादी बघून सगळे लढाईत गेले असं समजू नका हां, अमेरिकेचे साधारण १ लाख १६ हजार गेले त्यातले निम्म्याहून जास्त लढाईबाहेर, मुख्यतः आजाराने, फ्लूने तर ट्रेनिंग कॅम्पातच कित्येक पोरं गेली. दक्षिणेत काही पाट्यांवर काळ्या सैनिकांची नावं खाली, वेगळी, वर ‘कलर्ड’ लिहून. मेल्यावरही वेगळी रांग, काय बोलणार! काही ठिकाणी अलीकडे पाटी बदलून नावं एकत्र केलीत.