मॅटप्लॉटलिबमध्ये आलेखाचा आकार आणि फाँट कायमचा कसा ठरवायचा?

मॅटप्लॉटलिब या पायथनच्या आलेख काढायच्या लायब्ररीत प्रत्येक आलेखात आकार नि फाँट पुन्हापुन्हा लिहावा लागतो, असं तुम्ही म्हणता. मीही बडोद्यात बसून विश्वामित्री नदीच्या पाणीपातळीचे आलेख काढताना बरेच दिवस हेच केलं, निव्वळ आळसापोटी.

एका नोटबुकपुरतं (ज्युपिटरच्या एका फाइलपुरतं) हवं असेल तर सुरुवातीलाच 'आरसीपॅराम्स', म्हणजे मॅटप्लॉटलिबच्या मूळ सेटिंग्जची यादी, बदला. मूळ आकार ६.४ बाय ४.८ इंच, डीपीआय (दर इंचातले ठिपके) १०० आणि अक्षर १० पॉइंटचं असतं. मी आकार १० बाय ५ आणि अक्षर १३ ठेवतो. बिघडलं तर 'आरसीडिफॉल्ट्स' चालवा, सगळं पूर्ववत.

कायमचं हवं असेल तर 'मॅटप्लॉटलिबआरसी' नावाची फाइल करून त्यात हीच सेटिंग्ज लिहा. इथेच लोक फसतात: चालू फोल्डरमध्ये अशी फाइल असेल तर तीच आधी वाचली जाते, तुमच्या होम फोल्डरमधल्या कॉन्फिग (सेटिंग्जच्या) फोल्डरातली राहते बाजूला. नेमकी कोणती लागू आहे ते 'मॅटप्लॉटलिब_एफनेम' हे फंक्शन सांगतं. फाइल बदलल्यावर कर्नल (नोटबुकमागे चालणारं पायथन) पुन्हा सुरू करा.

आणि हो, 'मांडवी' लिहिल्यावर चौकोन दिसले तर घाबरू नका. मूळच्या डेजाव्हू सान्स या फाँटमध्ये देवनागरी नाही. 'फाँट डॉट फॅमिली' या सेटिंगमध्ये नोटो सान्स देवनागरी हा फाँट द्या. जुन्या आवृत्त्यांत जोडाक्षरं मात्र तरीही तुटतात.