आजोबांबद्दल कोणी बोललं का नाही?

प्रिय सोनू,

शनिवारी रात्री दीड वाजता तू झोप मोडून माझ्याजवळ बसलास आणि नगरला चाललेला आजोबांचा दफनविधी फोनवर शेवटपर्यंत पाहिलास. मग विचारलंस, "आजोबा सैन्यात होते, पोस्टात होते, इतकी वर्षं चर्चमध्ये वाजवायचे. मग त्यांच्याबद्दल कोणीच काही का बोललं नाही? नुसती गाणीच का म्हटली?" मी म्हणाले, "आपल्याकडे असंच असतं." तू काही न बोलता खोलीत गेलास. ते उत्तर नव्हतं, हे मलाही कळत होतं.

पलीकडच्या घरातल्या आजी गेल्या तेव्हा त्यांचा मुलगा, नात, शाळेतली मैत्रीण, सगळे एकेक करून बोलले होते. तासाभरात त्या बाईंचं अख्खं आयुष्य आपल्याला कळलं. मला ते मनापासून आवडलं होतं. अण्णांच्या, म्हणजे तुझ्या आजोबांच्या, वेळी मात्र पाळकसाहेबांनी वचन वाचलं, प्रार्थना केली, आणि मग मूठमाती देईपर्यंत गीतांवर गीतं.

माझ्या लहानपणीचे अण्णा मला आठवतात ते पाठमोरे. रविवारी देवळात (घरातली मोठी माणसं चर्चला देऊळच म्हणायची) ते पुढे सतरंजीवर पेटी घेऊन बसायचे, आणि मी मोठ्या आईच्या मांडीवरून त्यांचा हलणारा डावा खांदा बघत बसायची. तू पियानो दोन्ही हातांनी वाजवतोस. पेटीचं तसं नाही. डावा हात भात्यावर, सुरांसाठी उजवाच उरतो. त्यामुळे सुरांचे थर रचत बसता येत नाही, गाणाऱ्याच्या गळ्याबरोबर जावं लागतं. कवी ना. वा. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले ते अभंग आणि ओवी सोबत घेऊनच. त्यांची गीतं पेटी, तबला आणि टाळांवरच खुलतात. तुला फोनवर टाळ ऐकून नवल वाटलं, मला इथल्या चर्चमध्ये टाळ नाहीत याचं पहिली दोन वर्षं वाटत होतं. इंग्रजी चालींची गीतंही आम्ही म्हणायचो, पण दुसऱ्या कडव्यापर्यंत म्हाताऱ्या बाया हळूहळू आपल्या वळणावर यायच्या. अण्णा त्यांना कधी थांबवायचे नाहीत. निमूट त्यांच्यामागे जायचे.

पट्टीचंही तेच. पुरुषांना सोयीची पट्टी बायकांना खाली पडते, बायकांची पुरुषांना चढते. अण्णा आधी मागे वळून कोण कोण आलंय ते बघायचे आणि मग पट्टी ठरवायचे. स्वतः मात्र गायचे नाहीत. आवाज चांगला होता, तरी नाही.

सैन्यातलं तर त्याहून कमी कळलं. बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे सैन्याच्या इंजिनिअर दलात होते, खडकीला शिकले, १९७१ च्या लढाईत पश्चिम सीमेवर होते. 'पश्चिमी स्टार' हे पदक मोठ्या आईच्या कपाटात रुमालात गुंडाळलेलं असायचं. पाचवीत असताना मी विचारलं होतं, "युद्धात तुम्ही काय केलं?" म्हणाले, "सुरुंग काढले." "भीती नाही वाटली?" "हात हलू द्यायचा नाही, एवढंच लक्षात होतं." आणि पेटीची अडकलेली पट्टी घासायला लागले. पावसाळ्यात लाकूड फुगलं की पट्ट्या अडकायच्या, आणि हे काम दर वर्षी तेच करायचे.

नंतर पोस्टात लागले. मनीऑर्डरच्या फॉर्मवर खाली निरोपाला जेमतेम दोन ओळींची जागा असे. लिहिता न येणारी माणसं खिडकीशी उभी राहून सांगत आणि अण्णा लिहून देत. कोणाचा मुलगा पैसे पाठवत नाही, कोणाच्या घरात काय चाललंय, नगरमधली निम्मी दुःखं त्यांना ठाऊक असणार. त्यातलं एक अक्षरही आमच्या घरी कधी आलं नाही. मी खोदून विचारलं की म्हणायचे, "ते त्यांचं टपाल आहे."

अशा माणसाबद्दल चारचौघांत बोलायला कोणी उभं राहिलं नाही, यात मला विचित्र वाटलं नव्हतं. तू विचारल्यावर वाटलं. दोन दिवस मी स्वतःला समजावत होते की त्यांना ते आवडलंच नसतं. पण खरं सांगू? त्यांना काय आवडलं असतं हे मी कधी विचारलंच नाही. न बोलणं हा त्यांचा स्वभाव होता, की आम्हीच कोणी विचारत नव्हतो, हे मला आज सांगता येत नाही. तुझ्या शाळेत ११ नोव्हेंबरला युद्धात गेलेल्या सैनिकांसाठी दोन मिनिटं शांत उभे राहता, तेव्हा तू दर वर्षी आजोबांचं नाव मनात घेतोस असं तू मला गेल्या वर्षी म्हणालास. मी त्यांना हे फोनवर सांगायचं ठरवलं होतं. राहून गेलं.

तू आणखी एक विचारलंस, शेवटच्या गीतात पेटी मध्येच बंद का पडली, आवाज गेला होता का? नाही, बाळा. अण्णांची ती सवय होती. शेवटचं कडवं आलं की ते भाता मिटायचे, हात मांडीवर ठेवायचे आणि मंडळीला एकटीने म्हणू द्यायचे. लहानपणी मला त्या क्षणी पोटात खड्डा पडायचा, आता सगळं कोसळणार असं वाटायचं. कधी कोसळलं नाही. शनिवारी पेटीवर होता तो मुलगा त्यांच्याकडेच शिकलेला. त्याने हात काढले तेव्हा मामाने मान खाली घातली, ते तुला दिसलं का? मला दिसलं.

पेटी आता मामाकडे आहे. इकडे पाठवू का, असं तो विचारतोय. तू शिकावीस म्हणून नाही, तुझा पियानो चालू आहे तो छानच आहे. पण तुझ्या खोलीत खिडकीखाली जागा आहे. हवी की नको ते तूच सांग, नको म्हणालास तरी मला वाईट वाटणार नाही. वाटलं तरी थोडंसंच.

तुझी,
आई