कचऱ्याच्या केंद्राला जमीन भाड्याने देणं परवडतं का?

तुमचा प्रश्न असा आहे: नवी मुंबईच्या हद्दीला लागून घरची दीड एकर जमीन पडून आहे, एक कंत्राटदार कचरा वर्गीकरण केंद्रासाठी ती मागतोय, फायदा आहे का आणि गुंठ्याला किती भाव सांगावा.

मी इथे एरवी नुसता वाचतो. पण 'पडून आहे' वाचलं आणि राहवलं नाही. आमचीही पडूनच होती.

महापे-शीळ रस्त्याच्या आतल्या बाजूला आमची ३२ गुंठे. बाकीची केव्हाच संपादनात गेली, त्याचे पैसे घरात आणि लग्नांत जिरले. २०१७ च्या दिवाळीत दादूस, म्हणजे माझा थोरला भाऊ, एका माणसाला घेऊन आला. पांढरा शर्ट, दोन मोबाईल, पायातले बूट स्वच्छ. कचऱ्याच्या धंद्यातल्या माणसाचे बूट स्वच्छ कसे, हे मला तेव्हाच खटकलं होतं. महिना ४५,००० भाडं, ३ लाख डिपॉझिट, दर ११ महिन्यांनी ५ टक्के वाढ. दादूस म्हणाला, "आरं, बसल्या जागी पैसं येतान, तुला काय डोकं लावाचं?"

मी ३१ वर्षं पतपेढीत हिशोब लिहिले. मला डोकं लावायची सवय आहे. पण घरात धाकट्याचं कोण ऐकतं. जानेवारी २०१८ पासून गाड्या सुरू झाल्या.

असे कंत्राटदार का उगवले तेही सांगतो. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ५,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या सोसायट्यांना आणि हॉटेलांना सांगितलं की कचरा वेगळा करा आणि ओला शक्यतो आवारातच जिरवा. आवारात जिरवायला कोणाला हौस आहे? त्यापेक्षा पैसे मोजून दुसऱ्याला दिलेला बरा. आमचा माणूस तोच दुसरा. करारात त्याने लिहिलं होतं 'सुका कचरा, दिवसाला अंदाजे ६ ते ७ गाड्या'. त्यातला 'अंदाजे' मी लाल पेनाने अधोरेखित केला होता. दादूसने तरीही सही केली.

मी तेव्हा नुकताच निवृत्त झालो होतो. ओट्यावर बसायचो, समोरून गाड्या जायच्या. एक २०० पानी वही घेतली आणि लिहायला लागलो. तारीख, वेळ, गाडीचा नंबर, ताडपत्री आहे की नाही, पाणी गळतंय की नाही. सगळे हसले. सूनबाई म्हणाली, मामंजी आता टोलनाक्यावर बसतील. एका ड्रायव्हरला चहा पाजून काट्याची पावती बघितली: ३ टन १८० किलो. म्हणून गाडीमागे ३ टन धरले.

पहिल्या वर्षी दिवसाला ७ गाड्या, २१ टन, महिन्याला ६३० टन. ४५,००० भागिले ६३०, म्हणजे टनामागे ७१ रुपये. दुसऱ्या करारात, २०१९ च्या पावसाळ्यात, दिवसाला २२ गाड्या यायला लागल्या. महिन्याला १,९८० टन. भाडं ४७,२५०. टनामागे २४ रुपये! घाण तिप्पट झाली आणि आमचा भाव एक तृतीयांशावर आला. त्याला सोसायट्यांकडून पैसे मिळत होते गाडीवर, आम्हाला मिळत होते महिन्यावर. तुमच्या प्रश्नाचं उत्तर खरं तर याच ओळीत आहे, पण दादूसला हे आजवर समजावता आलेलं नाही, म्हणून पुढे लिहितो.

'सुका कचरा' हा शब्द करारात असतो, गाडीत नसतो. आपल्याकडच्या कचऱ्यात निम्म्याहून जास्त ओलाच. तो एकदा मिसळला की पुठ्ठाही भिजतो आणि भिजलेल्या पुठ्ठ्याला भंगारवाला अर्धाही भाव देत नाही. बाटल्या, पुठ्ठा, पत्रा, जाड प्लास्टिक निवडून विकलं जायचं. उरायचं काय? वेफर्सची चकचकीत पाकिटं, डायपर, चिंध्या, थर्माकोल, काचा. यातलं जळण्यासारखं असेल ते सिमेंटच्या भट्टीत जाऊ शकतं, पण ते सुकवायचं, गठ्ठे बांधायचे आणि गाडीभाडं भरून पोचवायचं. त्यापेक्षा आपल्या ३२ गुंठ्यांतल्या मागच्या कोपऱ्यात लोटणं स्वस्त. कचरा आत आला की त्याला पैसे, बाहेर गेला की खर्च. अशा धंद्यात ढीग वाढणारच, माणूस चांगला असो की वाईट.

आमच्या जमिनीचा उतार विहिरीकडे. घरात नळाचं पाणी होतं, पण गुरं, भाजी, धुणं सगळं विहिरीवर. पहिल्याच पावसाळ्यात, जुलै २०१८ मध्ये, आय सकाळी कळशी घेऊन परत आली आणि ओट्यावर माझ्यासमोर ठेवली. "हिरीचा पानी काला झायलाय रं." काळं म्हणजे चहासारखं, वर तेलकट तवंग. ऑगस्टपासून टँकर लावला. दादूस म्हणाला, भाड्यातून टँकर भागतोय ना? भागत होता. तेच तर दुखणं.

ठाण्याजवळच्या दिवा गावात दिलेली बहीण आधीपासून बजावत होती. तिच्या घरून दिव्याच्या डंपिंगचा धूर दिसायचा. ते २०२३ मध्ये बंद झालं, तोवर उन्हाळ्यातही तिने खिडक्या लावूनच काढल्या. दादूसचं उत्तर ठरलेलं: "कोपरखैरण्याला बघ, डंपिंगच्या जागेवर निसर्ग उद्यान झालं." झालं, खरंच सुंदर झालं. पण ती सरकारी जागा आणि सरकारी पैसा. आपल्या ३२ गुंठ्यांवर कोण बाग लावून देणार?

२०१९ च्या गणपतीत भाचा अमेरिकेहून आला होता, पेनसिल्व्हेनियात असतो. वही बघून तो एकटाच हसला नाही. म्हणाला, मामा, आमच्याकडे १९८८ चा कायदाच आहे, ज्या गावात कचऱ्याची भरणजागा असेल त्या गावाला टनामागे निदान १ डॉलर द्यावा लागतो, आणि गावाला तिथे आपले तपासनीस नेमता येतात. मी ते दादूसला दोनदा वाचून दाखवलं. टनामागे! आणि तपासनीस गावाचा! तो म्हणाला, मग जा अमेरिकेला.

मार्च २०२० चं भाडं आलं. टाळेबंदी लागली, सोसायट्यांनी पैसे थांबवले, माणूस गायब. दोन्ही मोबाईल बंद. शेड सोडून गेला, पत्रे मात्र रात्रीत काढून नेले. मागे राहिला ढीग.

आता हिशोब, कारण मी तो पाठ केलाय. भाड्याचे ४,९५,००० अधिक ५,१९,७५० अधिक शेवटच्या पाच महिन्यांचे २,४८,०००. त्यात पळून गेलेल्या माणसाचं आमच्याकडे राहिलेलं डिपॉझिट ३,००,०००. एकूण १५,६२,७५०. खर्चात ढीग उचलायला जेसीबी, डंपर आणि पुढे टाकायची फी मिळून ११,४०,०००. नवी माती १,६०,०००. टँकर महिन्याला ८, प्रत्येकी ९००, तीस महिने: २,१६,०००. एकूण १५,१६,०००. शिल्लक ४६,७५०.

दोघा भावांत वाटले तर प्रत्येकी २३,३७५. दादूस आजही लग्नकार्यात चारचौघांत सांगतो, "तोट्यात तर नाय ना गेलो?" नाही गेलो. सव्वादोन वर्षं नाक दाबून बसायचे एका महिन्याच्या भाड्याएवढे पैसे मिळाले. आणि विहिरीचं पाणी आय गेली तोवर तिने तोंडात घेतलं नाही, ते मी कुठल्या रकान्यात लिहू?

तर तुमचं. गुंठ्याचा भाव विचारूच नका. गुंठा तुमचा आहे, तो कुठे जात नाही. येतोय तो कचरा, भाव त्याचा ठरवा. थोडं पक्कं भाडं आणि वर टनामागे रक्कम. काटा केंद्राच्या फाटकावर, पावतीची एक प्रत तुमच्या हातात रोजच्या रोज. पावसाळ्यात तीच गाडी भिजून जड होते म्हणून तो कुरकुर करेल. करू द्या, पाणी तुमच्याच जमिनीत उतरणार आहे. डिपॉझिट भाड्याच्या पटीत घेऊ नका, ढीग उचलण्याच्या खर्चाएवढं घ्या. त्यासाठी एखाद्या डंपरवाल्याकडून आधीच कोटेशन आणा. एवढं डिपॉझिट ऐकून तो उठून गेला तर तुमचे पैसे वाचले समजा. खाली काँक्रीट, वर छप्पर, कडेने गटार आणि काळ्या पाण्याची टाकी नसेल तर बोलणीच नको, आपल्याकडचा पाऊस काय असतो ते तुम्हाला सांगायला नको.

२०१६ च्या नियमांप्रमाणे दिवसाला ५ टनांवर कचरा असेल तर त्याला प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्राधिकारपत्र, म्हणजे लेखी परवानगी, लागायचं, आणि भोवती बांधकाम न करण्याचा पट्टा सोडावा लागायचा. दीड एकरातला एक कोपरा देऊन उरलेल्यात पुढे घर बांधू असा विचार असेल तर तो पट्टा आधी नकाशावर आखून बघा. प्राधिकारपत्र त्याच्या नावाचं आणि तुमच्या गट नंबरचं आहे का ते वाचा. आमच्याने दाखवलेलं दुसऱ्याच जागेचं होतं, हे मला ढीग उचलताना कळलं.

एक कबूल करायला हवं. आमचा माणूसच लबाड होता आणि सगळे तसे नसतात. घणसोलीत माझ्या साडूच्या ओळखीत एक छोटी शेड आहे, फक्त पुठ्ठा आणि बाटल्या, ओलं काही घेतच नाही. तिथे वास नाही, भाडं वेळेवर, कोणाचं भांडण नाही. तसं असेल तर खुशाल द्या. पण तसं आहे का हे करारावरून कळत नाही, चालू असलेल्या जागेवर जुलैत जाऊन उभं राहिल्यावर कळतं.

तुम्हाला धाकटा भाऊ आहे का, ते लिहिलं नाहीत. असेल तर त्याला वही आणून द्या. रकाने कसे आखायचे ते मी सांगेन.