टूथवर्ट खणण्याआधी

पहिल्या वर्षी खुरपं घरीच ठेव, टूथवर्ट या मोहरीच्या कुळातल्या रानटी झाडाची नुसती ओळख पक्की कर. उत्तर अमेरिकेच्या पूर्वेकडच्या ओलसर रानात हे एप्रिल-मेमध्ये फुलतं: चार पाकळ्यांची पांढरी फुलं, देठावर समोरासमोर दोनच पानं, प्रत्येकाला तीन पर्णिका. खात्री पटली की मगच पान चाख. मोहरीचा झणका थेट नाकात जातो. जमिनीत आडवं वाढणारं पांढरं खोड किसून व्हिनेगरमध्ये कालवलं तर फारच छान लागतं, पण ते उपसलं की झाडच जातं. मी पानांवरच भागवतो, तीही मोजकी. वेस्ट व्हर्जिनिया व्हाइट फुलपाखराच्या अळ्या मुख्यतः टूथवर्टवर पोसतात ना! शेजारी गार्लिक मस्टर्ड हे बाहेरून आलेलं तण दिसलं तर ते मात्र मुळासकट उपट. फुलपाखरू फसून त्यावर अंडी घालतं आणि अळ्या मरतात.