ज्याला उत्तर देता येत नाही

प्रिय मुली,

परवा एशियाटिकच्या पायऱ्यांवर तू विचारलेस, की आखाती युद्धातल्या ‘ब्राव्हो टू झीरो’ या ब्रिटिश कमांडो तुकडीतल्या दोघांनी एकच मोहीम इतकी निराळी लिहिली आहे, तर लेखात खरे कोणाचे धरायचे. मी तुझ्यावर चिडलो, त्याचे वाईट वाटते. पण तू आकड्यांत अडकली आहेस, असे मला अजूनही वाटते.

जानेवारी १९९१ मध्ये इराकमध्ये उतरलेल्या त्या ८ ब्रिटिश सैनिकांपैकी ३ मेले, ४ पकडले गेले आणि एकटा चालत सीरियात पोचला, याबद्दल वाद नाही. शत्रूचे २५० जण मारले किंवा जखमी केले, या पुस्तकातल्या दाव्याबद्दल आहे. त्यांच्याच रेजिमेंटचे तेव्हाचे सार्जंट मेजर पीटर रॅटक्लिफ यांनी लिहिले, की परतल्यावरच्या अधिकृत जबानीत पुस्तकांतल्या कित्येक चकमकींचा उल्लेखच नव्हता. तेवढे नोंदव आणि पुढे जा. थांबायचे ते त्या तीन मृतांपैकी विन्स फिलिप्सपाशी. तो थंडीने गारठून मेला आणि मग निसटलेल्या सोबत्याच्या पुस्तकात तुकडीचा ठावठिकाणा फुटल्याचे खापर त्याच्यावर आले: मेंढपाळ पोराने त्याला पाहिले म्हणून. सुमारे दहा वर्षांनी लेखक मायकेल ॲशर शोध घ्यायला तिथे गेले, तेव्हा त्या मेंढपाळाने आपण कोणालाच पाहिले नव्हते, असे सांगितले.

जो उत्तर द्यायला उरला नाही, त्याच्यावर ठपका ठेवणारे वाक्य दुसऱ्या स्वतंत्र साक्षीशिवाय लिहायचे नाही. सांगणारा लबाडच असतो असे नाही. अंधारात, भीतीत पाहिलेले पुढे वेगळे आठवते. म्हणूनच दुसरी साक्ष.

तीस वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकासाठी मी एका निवृत्त जवानाच्या आठवणी शब्दबद्ध केल्या. गस्तीतला पुढचा जवान, जो आता हयात नव्हता, तेव्हा घाबरला, असे ते म्हणाले. मी ‘त्याचे पाय लटपटले’ असे लिहिले, कारण वाक्य उठून दिसत होते. गस्तीतला आणखी एक जण साताऱ्याला राहत होता, पत्ताही मिळाला होता, पण मी गेलो नाही. अंक निघाल्यावर त्या मृत जवानाचा भाऊ परळहून माझ्या दारी आला आणि आवाज न चढवता एवढेच म्हणाला, “तुम्ही तिथं होता का?”

तेव्हापासून दुसऱ्या साक्षीवाचून मी मृताबद्दल एक ओळ छापू दिलेली नाही. त्यापायी संपादकांशी भांडलो, कामे गमावली, आणि ते योग्यच केले, कितीही जणांनी मला हटवादी म्हटले तरी.

तुझ्या मसुद्यात ‘फिलिप्सच्या निष्काळजीपणामुळे’ असे शब्द आहेत. ते आजच खोड. तिथे कोणी, केव्हा, कोणत्या जागेवरून काय पाहिल्याचे सांगितले, ते लिही, आणि रविवारी दादरला घरी घेऊन ये.