हरणाची रायफल आणि स्कोप : वाचकांचे प्रश्न

परदेशात राहणाऱ्या वाचकांकडून शिकारीच्या रायफलबद्दल आणि तिच्यावरच्या स्कोपबद्दल (नेम धरायची दुर्बीण) बरेच प्रश्न आलेत, त्यातले जे जास्त लोकांच्या उपयोगाचे वाटले ते या वेळी घेतलेत. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणाची शिकार बंद आहे, त्यामुळे खालचं सगळं जिथे लायसन्स, सीझन आणि कोटा ठरवून शिकार करू देतात तिथल्यांसाठी आहे.

प्रश्न : सर, शिकारीचं लायसन्स पहिल्यांदाच मिळालंय. दुकानदार .३०० विन्चेस्टर मॅग्नम घ्या म्हणतो, ऑनलाइन बघावं तर जो तो ६.५ क्रीडमूर म्हणतो आणि मित्राकडे .३०-०६ आहे. मी काही दोनशे यार्डांच्या पलीकडून मारणार नाही. काय घेऊ?

.३०८ विन्चेस्टर घ्या (ही सगळी काडतुसांची नावं, रायफल त्यावरूनच ओळखतात), साधी बोल्ट अॅक्शन, म्हणजे दर गोळीला हाताने बोल्ट ओढायची, आणि या विषयावर आणखी वाचत बसू नका. ६.५ क्रीडमूर घेतलीत तरी काही चुकणार नाही, धक्का थोडा कमीच बसेल. मॅग्नम, म्हणजे जास्त दारूचं जोरदार काडतूस, मात्र नको.

कारण सांगतो. हरणाच्या छातीत हृदय आणि फुफ्फुसं मिळून साधारण आठ ते दहा इंचांचा भाग असतो, तिथे आत गेल्यावर नीट फुलणारी (पसरणारी) शिकारीची गोळी गेली की हरीण थोडं पळून पडतं, मग ती गोळी .२४३ ची होती का .३०-०६ ची याने हरणाला काही फरक पडत नाही, आणि तीच गोळी पोटात गेली तर मॅग्नम असली तरी ते जनावर तासन्तास तडफडत फिरतं. म्हणजे सगळं येऊन थांबतं गोळी कुठे लागते यावर, आणि ती कुठे लागणार हे ठरतं तुम्ही चाप ओढताना घाबरता का नाही यावर. साडेसात-आठ पौंडांच्या रायफलमध्ये .२४३ चा धक्का साधारण १० फूट-पाउंड (ऊर्जेचं माप), .३०८ चा १६-१७, .३०-०६ चा २० च्या आसपास आणि .३०० मॅग्नमचा २५ च्या वर जातो. नवीन माणूस मॅग्नमच्या पाच-सहा गोळ्या झाडतो आणि त्यानंतर चाप ओढायच्या आधीच त्याचे डोळे मिटायला लागतात, खांदा पुढे जातो, ही सवय एकदा लागली की सुटायला फार त्रास होतो.

काडतुसं जुनी आहेत म्हणून कमी समजू नका. .३०-०६ ही १९०६ ची, .२७० ही १९२५ ची, .३०८ आली १९५२ मध्ये आणि तिच्याच केसची (काडतुसाचं पितळी कवच) मान बारीक करून १९५५ मध्ये .२४३ आणि १९८० मध्ये ७ एमएम-०८ केली. क्रीडमूर २००७ ची. हरणासाठी यातली प्रत्येक पुरेशी आहे. ज्यांना धक्का सोसत नाही त्यांनी ७ एमएम-०८ बघावी, माझ्या मते इतक्या चांगल्या काडतुसाचं नाव लोक कमीच घेतात.

विकत घ्यायच्या आधी तिथला कायदा बघा. इंग्लंड-वेल्समध्ये मोठ्या जातीच्या हरणांसाठी कॅलिबर किमान .२४० इंच आणि मझलवरची (नळीच्या तोंडाशी) ऊर्जा किमान १७०० फूट-पाउंड लागते, म्हणजे .२२३ तिथे बाद. अमेरिकेत काही राज्यांच्या काही भागांत नेहमीची रायफल चालतच नाही, शॉटगन किंवा सरळ भिंतीच्या केसचं, म्हणजे मान नसलेलं, काडतूस लागतं. आणि गोळी सॉफ्ट पॉइंट किंवा तशीच फुलणारी घ्या, पूर्ण जॅकेटवाली (सगळीकडून धातूचं आवरण असलेली) सरावाची गोळी आरपार निघून जाते आणि हरीण जखमी होऊन हाताबाहेर जातं. तांब्याची गोळी वापरायची सक्ती असेल तर तिचं वजन आणि वेग वेगळा असतो, शिशाच्या गोळीवर केलेलं झिरो (स्कोपचा नेम आणि गोळी लागण्याची जागा जुळवणं) तिला लागू होत नाही, परत झिरो करावंच लागतं.

प्रश्न : माझी उंची पाच फूट. नवऱ्याच्या रायफलमधून बघताना स्कोपमध्ये काळी चंद्रकोर दिसते आणि मान ताणून दुखते. दुसरा स्कोप घेऊ का?

ताई, स्कोपचा दोष नाही, दस्ता (रायफलचा खांद्याला लावायचा भाग) तुमच्या मापाचा नाहीये. बहुतेक रायफलींमध्ये चापापासून दस्त्याच्या मागच्या टोकापर्यंत साडेतेरा इंचांच्या आसपास अंतर असतं आणि ते मध्यम उंचीच्या पुरुषाला धरून ठरवलेलं असतं. तुम्हाला बहुतेक साडेबारा किंवा त्याहून थोडं कमी लागेल. हल्ली बऱ्याच रायफलींबरोबर मागे लावायचे स्पेसर येतात ते काढून बघा, नाहीतर छोटा दस्ता मिळतो किंवा गनस्मिथ कापून देतो.

तपासायची रीत अशी, आधी स्वतः चेंबर (नळीच्या मागची काडतूस बसायची जागा) आणि मॅगझिन रिकामं आहे ना ते बघा, मग डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, गाल दस्त्यावर आरामात टेकवा आणि डोळे उघडा. पूर्ण गोल चित्र दिसलं तर माप बरोबर, डोकं उचलावं लागलं तर गालाखाली उंचवटा लावायला हवा, डोकं पुढे न्यावं लागलं तर स्कोप मागे घ्या किंवा दस्ता छोटा करा. हे सगळं शिकारीच्या जाड जॅकेटमध्ये करा, कारण टी-शर्टमध्ये बसलेलं माप थंडीत एक इंच लांब होतं. नवऱ्याची रायफल बदलायची नसेल तर स्वतःची वेगळी घ्या, एका दस्त्यावर दोघांचं कधीच नीट जमत नाही.

प्रश्न : ३-९ × ४० घेऊ का ४-१६ × ५०? मोठ्या काचेत संध्याकाळी जास्त दिसतं म्हणतात.

दिसतं, पण लोक म्हणतात तेवढं नाही. ३-९ × ४० म्हणजे चित्र तीन ते नऊ पट मोठं आणि समोरची काच ४० मिलिमीटरची. समोरच्या काचेचा व्यास भागिले मॅग्निफिकेशन म्हणजे डोळ्यात येणाऱ्या प्रकाशाच्या गोलाचा व्यास. ४० ची काच ९ वर ठेवली तर साडेचार मिलिमीटर, तीच ६ वर आणली की साडेसहा. संध्याकाळी माणसाची बाहुली पाच ते सात मिलिमीटर उघडते, वय वाढतं तसं कमी, म्हणजे अंधारून आलं की मॅग्निफिकेशन खाली आणलं तरी ४० ची काच बाहुली भरून प्रकाश देते. ५० च्या काचेला रिंग (स्कोप रायफलवर धरणाऱ्या कड्या) उंच लागतात, मग गाल दस्त्यावरून उचलला जातो, वजनही वाढतं. आणि ४ पेक्षा खाली न जाणारा स्कोप घनदाट झाडीत वीस यार्डांवर आलेल्या हरणावर धरला की चित्र अरुंद पडतं, हरीण पटकन सापडत नाही.

३-९ × ४० घ्या आणि वाचलेले पैसे चांगल्या काचेत घाला. जाड बाहेरच्या रेघा आणि मध्ये बारीक असं साधं डुप्लेक्स रेटिकल (स्कोपमधल्या नेमाच्या रेघा) पुरतं. चालताना कायम ३ वर ठेवा, लांबचं असेल तर वाढवायला वेळ मिळतो, जवळचं असेल तर मिळत नाही.

एक गोष्ट अगदी कळकळीने सांगतो, स्कोपने जंगल बघत बसू नका. स्कोप ज्याच्यावर धरला त्याच्यावर भरलेली रायफलही धरली जाते आणि झाडीत हलणारं काही तरी माणूस असू शकतं. बघायला दुर्बीण गळ्यात ठेवा.

प्रश्न : दुकानात स्कोप बसवून आणला. एका शनिवारी झिरो केला, पुढच्या वेळी गोळ्या चार इंच उजवीकडे. स्कोप खराब आहे का?

असू शकतो, पण आधी स्क्रू बघा. असे जे स्कोप माझ्याकडे तपासायला येतात त्यातल्या बहुतेकांचा आजार बेस (रायफलवर स्क्रूने बसवलेली, रिंगा धरणारी पट्टी) किंवा रिंग सैल असणं हाच निघतो. शक्य असेल तर स्वतः पुन्हा बसवा, अवघड नाही.

रायफल रिकामी करून बोल्ट काढून ठेवा. स्कोप आणि रिंगा उतरवा, बेसचे स्क्रू काढून त्यांचं आणि भोकांचं तेल स्पिरिटने पुसून घ्या, बेसच्या स्क्रूला थ्रेडलॉकरचा (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) बारीक थेंब लावा आणि टॉर्क रेंचने उत्पादकाने सांगितलेल्या मापाने आवळा. रिंगांच्या वरच्या टोप्यांना बहुतेक वेळा १५ ते १८ इंच-पाउंडच सांगितलेले असतात, जास्त आवळलं तर स्कोपची नळी दबते आणि आतलं अॅडजस्टमेंट अडकतं, मग क्लिक (स्कोपच्या नॉबचे टप्पे) फिरवूनही गोळी हलत नाही आणि लोक स्कोपला शिव्या देतात. रिंग पक्की करायच्या आधी मॅग्निफिकेशन सगळ्यात वर नेऊन डोळा आणि स्कोपमधलं अंतर जुळवा, वरच्या मॅग्निफिकेशनला अंतराची सूट कमी असते म्हणून. साडेतीन-चार इंच मोकळे राहिले पाहिजेत नाहीतर धक्क्याने स्कोपची कड भुवईवर येते आणि रक्त निघतं. उभी रेघ खरोखर उभी आहे ना ते दोरीला वजन लटकवून बघा, रायफल पातळीत धरूनच, कारण रेघ तिरकी असेल तर जवळ काही कळत नाही आणि लांब गेलं की गोळी बाजूला सरकते. टोप्यांचे स्क्रू थोडे थोडे आलटून पालटून आवळा.

मग अॅक्शनचे (बोल्ट आणि चेंबर असलेला लोखंडी भाग) स्क्रू. दस्त्याला अॅक्शन धरून ठेवणारे हे दोन-तीन स्क्रू कोणी बघतच नाही आणि ते सैल असले की झिरो रोज वेगळं. बॅरलखाली कागदाची पट्टी सरकवून बघा, बॅरल मोकळं ठेवलेल्या दस्त्यात ती अडली तर लाकूड फुगून बॅरलला टेकतंय.

आता रेंजवर. बोल्ट काढलेलाच ठेवून बॅरलमधून २५ यार्डांवरचा ठिपका बघा, रायफल वाळूच्या पिशव्यांवर न हलवता रेटिकल त्याच ठिपक्यावर आणा, मग बोल्ट घालून २५ वरच पहिल्या गोळ्या झाडा. पाव एमओएचा (एमओए हे कोनाचं माप, १०० यार्डांवर साधारण एक इंच) स्कोप १०० यार्डांवर एका क्लिकला पाव इंच हलतो, २५ यार्डांवर मात्र त्याचा चौथा हिस्सा, म्हणजे दोन इंच सरकवायचं असेल तर ३२ क्लिक लागतात, आठ नाही, इथे भरपूर लोक गोंधळतात. ०.१ मिलवाला (मिल हेही कोनाचंच माप) स्कोप असेल तर १०० मीटरवर एक क्लिक म्हणजे एक सेंटिमीटर, हिशोब सोपा.

२५ वर मध्यभागी आलं की १०० यार्डांवर जा. तीन गोळ्या झाडा, बॅरल हाताला गार लागेपर्यंत थांबा, आणि तीन भोकांच्या मध्याकडे बघून क्लिक फिरवा, एका गोळीच्या मागे धावून कधीच नाही. पुढचा दस्ता पिशवीवर टेकवा, बॅरल नको. .३०८ ची १५० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी १०० यार्डांवर दोन इंच वर लागेल असं ठेवलं तर २०० च्या आसपास ती नेमावरच येते आणि ३०० ला आठ-नऊ इंच खाली जाते, म्हणजे दोनशेपर्यंत वर-खाली काही न धरता सरळ छातीवर नेम धरायचा. शेवटी शिकारीला जे काडतूस नेणार तेच, त्याच डब्यातलं वापरून खात्री करा.

एवढं सगळं करून पुन्हा गोळ्या सरकल्या तर दुसरा चांगला माहीत असलेला स्कोप लावून बघा. त्यावर झिरो टिकलं तर तुमचा स्कोप खरंच गेला.

प्रश्न : बाकावरून एक इंचाचा ग्रुप (गोळ्यांच्या भोकांचा पुंजका) येतो. तीनशे यार्डांवर मारू का?

बाकावरच्या ग्रुपवरून हे ठरवू नका. जंगलात बाक नसतो, धाप लागलेली असते, बोटं गारठलेली असतात. आठ इंचांची कागदी प्लेट लावा, बसून, गुडघ्यावर आणि शूटिंग स्टिकवरून (रायफलला टेकू द्यायची काठी) झाडा, प्रत्येक वेळी थंड बॅरलने, कारण हरणावर जाणारी गोळी थंड बॅरलचीच असते. ज्या अंतरावर सगळ्या गोळ्या प्लेटमध्ये बसतात तिथे तुमची हद्द संपते. ती १२० यार्ड निघाली तर १२०, त्यात कमीपणा काही नाही, पुढच्या वर्षी वाढेल. घरी रोज थोडा वेळ रिकाम्या रायफलने चाप ओढायचा सराव करा, पण चेंबर दोनदा बघून आणि काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवूनच.

हरीण आडवं उभं राहीपर्यंत थांबा, पुढच्या पायाच्या रेषेत जरासं मागे आणि छातीच्या खालच्या तिसऱ्या भागावर नेम धरा, मागे माती किंवा टेकडी नसेल तर सोडून द्या. गोळी सुटली की डोळा स्कोपवरून न काढता लगेच बोल्ट ओढून दुसरं काडतूस चढवा. मग हरीण कुठे उभं होतं आणि कुठल्या झाडामागे गेलं ते मनात पक्कं करा, पळत त्याच्या मागे जाऊ नका, अर्धा तास तरी थांबा, पोटात लागल्याची शंका असेल तर कित्येक तास. नंतर ते जिथे उभं होतं तिथूनच माग काढायला सुरुवात करा आणि पहिला रक्ताचा थेंब सापडला की तिथे रंगीत रिबन बांधून पुढे जा.